तिसऱ्या हाकेपर्यंत

आमच्या तानीवैनीला जगात दोनच गोष्टींची भीती वाटायची. एक पाल आणि दुसरं गप्प बसणं. ती माझ्या थोरल्या भावाची, सिद्रामअण्णाची बायको. निपाणीत तंबाखूच्या वखारीत चाळणीवर बसायची. बायांच्या खोकण्यात आणि चाळण्यांच्या आवाजातही तिचं बोलणं वेगळं ओळखू यायचं, कारण ते थांबतच नसे. मी तिची धाकटी नणंद, मनू. नणंदेनं वहिनीला धाकात ठेवायचं असतं म्हणे, आमच्यात ते उलटं होतं. बेळगावात टिळकवाडीच्या शाळेत मला विज्ञान शिकवायची नोकरी लागली तेव्हा गल्लीत पेढे तिनंच वाटले, आणि "आमची मनी आता पोरास्नी बेडूक फाडाय शिकवणार" हेही तिनंच दारोदार सांगितलं.

बहात्तर साली तिला मुलगी झाली, मालू. पुढच्या वर्षी वैनीच्या खोकल्यातून रक्त पडलं. क्षय निघाला. रोज इंजेक्शन सुरू झालं. त्या इंजेक्शननं काही माणसांचे कान जातात हे डॉक्टरांना ठाऊक होतं, पण क्षय जीव घेतो आणि औषध घेतलंच तर कान घेतं, तेव्हा निवड करायला वाव नव्हता. वैनी वाचली. आधी तिला चाळणी ऐकू येईना, मग अण्णाचं बोलणं, मग काहीच. मालू तेव्हा नुसती 'आ आ' करत होती. 'आई' हा शब्द तिच्या तोंडून पुरा बाहेर पडला तोवर वैनीचे कान मिटले होते. वैनी या गोष्टीवरून कधी रडली नाही, पण पोरगी बोलत असताना तिच्या ओठांकडं अशी बघत राहायची की मलाच तिथून उठून जावंसं वाटायचं.

ओठ वाचायला ती शिकली. बोलणंही तिनं सोडलं नाही, फक्त आवाजाचा अंदाज गेल्यामुळं गुपित सांगायची तेसुद्धा अख्ख्या गल्लीला कळायचं. लोकांना वाटे बहिऱ्या माणसाच्या डोक्यात शांतता असते. मलाही तसंच वाटायचं. एकदा सुट्टीत मी गेले होते. भर दुपारी आम्ही दोघी मागच्या परसात तांदूळ निवडत बसलो होतो. परसाच्या शेवटी वखारीची भिंत. तिला एक खिंडार पडलेलं, आणि पलीकडं कठडा नसलेली जुनी विहीर. वैनीचे हात एकदम थांबले. मान भिंतीकडं वळली.

"काय झालं?" मी तिच्यासमोर तोंड करून विचारलं.

"हाक मारालीया."

"कोण?"

"बारकी पोरगी हाय. आई म्हंती. एकदा म्हंती, कवा कवा दोनदा. मग जाती."

मालू शाळेत होती. परसात आमच्याशिवाय कुणी नव्हतं. "मग तू काय करतीस?" मी विचारलं.

"काय करायचं? गप बसायचं," ती म्हणाली आणि पुन्हा खडे वेचायला लागली. मी वरवर हसले, पण तांदूळ संपेपर्यंत मी त्या खिंडाराकडं पाठ केली नाही. बहिऱ्या कानाच्या नसा रिकाम्या बसत नाहीत, स्वतःच काहीतरी वाजवत राहतात, हे मी नंतर वाचलं. वाचून बरं वाटलं, पण पुरतं नाही.

शहाऐंशीच्या जूनमध्ये कन्नडसक्तीवरून बेळगावात गडबड उसळली आणि शाळा बंद पडल्या. त्याच वेळी आमच्या ओळखीच्या एका कानाच्या डॉक्टरांनी निरोप दिला. मुंबईच्या एका इस्पितळात एक प्रयोग चालला होता. कानाच्या आत शंखासारखं वळलेलं हाड असतं, त्यात केसासारखी बारीक तार सरकवायची. तारेवर ओळीनं कड्या. प्रत्येक कडीनं विजेनं आपल्या शेजारची नस जागी करायची. एका टोकाच्या कड्या जाड्या आवाजासाठी, दुसऱ्या टोकाच्या बारीक आवाजासाठी. बाहेर कानामागं एक चकती आणि तिच्या वायरला ट्रान्झिस्टरएवढा डबा. त्यांना असं माणूस हवं होतं जे आधी ऐकत-बोलत होतं आणि औषधानं बहिरं झालं. सगळा खर्च त्यांचाच. अण्णा काचकूच करत होता. वैनीनं एवढंच विचारलं, "मालीचं बोलनं ऐकू येईल?" डॉक्टर म्हणाले, येईल बहुतेक. तिनं त्याच संध्याकाळी पिशवी भरली.

मला रजाही घ्यावी लागली नाही, शाळाच बंद होती. मी तिच्याबरोबर गेले. ऑपरेशन नीट झालं. जखम भरल्यावर डबा जोडायला पुन्हा गेलो. तिथं एक पोक्त बाई होत्या, सगळे त्यांना तपासणीच्या बाई म्हणत. त्यांचं काम प्रत्येक कडीला किती वीज सोडायची हे ठरवायचं. त्यांनी मला ते छान समजावलं. "चाळीत एकाच खोलीतल्या माणसाला उठवायचं असेल तर दार बेतानं वाजवावं लागतं. धाडधाड वाजवलं की शेजारीपाजारी सगळेच उठतात. आमचं सगळं काम म्हणजे तो बेत."

पद्धत सोपी होती. वैनीनं काचेच्या खोलीत बसायचं. बाई एका कडीला अगदी कमी वीज सोडणार. टिप असा आवाज. मग जरा जास्त, मग आणखी जास्त. ऐकू आलं रे आलं की वैनीनं बोट वर करायचं. ती झाली खालची रेघ. मग सोसेल तिथवर वाढवत न्यायचं, ती वरची रेघ. वैनीनं सगळ्या कड्यांना बोट वर केलं, आणि 'पुरे' मात्र एकदाही म्हटलं नाही. बाई जरा साशंक दिसल्या. "तुमच्या वहिनींना वीज जास्त लागते," त्या मला म्हणाल्या. "पण प्रत्येक कान वेगळा असतो."

डबा सुरू केल्यावर वैनी दचकली. "पत्र्यावर खडं पडाल्यात," ती म्हणाली. नंतर त्या खड्यांतून हळूहळू शब्द वेगळे व्हायला लागले. एसटीत कंडक्टर कन्नडमध्ये ओरडला तेव्हा ती खुदकन हसली. "ह्यो पैल्यासारकाच वराडतोय की." मला वाटलं, जिंकलो.

निपाणीला दारात मालू उभी होती. चौदा वर्षांची, दोन वेण्या, लाजून अर्धी झालेली. तिनं पाठ केलेलं वाक्य म्हटलं. "आई, मी मालू, माझा आवाज ऐकू येतो का?"

वैनीचं तोंड वाकडं झालं. डावा डोळा मिटला, गाल वर ओढला गेला, ओठाचा कोपरा फाकून दात दिसले. क्षणभरच. मालू गप्प झाली तसा चेहरा पुन्हा सरळ झाला. आम्ही सगळे थिजलो. वैनीला स्वतःला गालात मुंगी चावल्यागत वाटलं होतं, तेवढंच. तिनं हसून हात पुढं केले. "बोल की गं." मालू बोलली, "आई..." आणि ते तोंड परत आलं.

अण्णा बोलला तर काही होत नव्हतं. माझ्या आवाजाला गाल किंचित थरथरायचा. पण मालूचा बारीक, धारेचा आवाज आला की वैनीच्या चेहऱ्यावर ते दुसरंच कुणीतरी यायचं आणि मालूकडं दात काढून बघायचं. पुढं पुढं पोरीनं नुसतं तोंड उघडलं तरी मी आधी वैनीकडं बघायला लागले. मी विज्ञान शिकवते. चेहऱ्याची नस कानाजवळून जाते हे मला माहीत होतं. तरीही पहिल्यांदा ते पाहिलं त्या दुपारी मी वैनीशेजारी जेवायला बसले नाही.

गल्लीला एवढं पुरे झालं. शेजारची यल्लव्वा भिंतीवरून म्हणाली, "डब्यात काय तरी हाय गं बाई. पोरगी बोलली की त्येला खपत न्हाय." तिनं अण्णाला एका देवऋषीचा पत्ताही दिला. अण्णा भडकला. आमच्या वडिलांनी धम्म घेतला तेव्हा घरातले देव वेदगंगेला सोडले होते. देव मुकाट्यानं गेले. भुतं मात्र राहिली, त्यांना कुणी निरोपच दिला नव्हता. त्यामुळं अण्णानं यल्लव्वाला झाडलं खरं, पण वैनीनं डबा लावलेला असला की तोसुद्धा खोलीतून बाहेर जायला लागला.

मालूनं घरात बोलणं टाकलं. शाळेत बोलायची, घरात मुकी. वैनी डबा काढून ठेवायची तेव्हाही पोरगी बोलेना. ज्या शब्दासाठी वैनीनं डोक्याला भोक पाडून घेतलं, तोच शब्द घरातून नाहीसा झाला. दिवाळीला मी गेले तेव्हा अण्णानं सांगून टाकलं, "मने, पोरगी वाळाय लागली. पुढच्या तपासणीत ह्ये न्हाय थांबलं तर डबा परत देऊन टाकायचा, न्हाय तर मालूला तू बेळगावला घेऊन जा. दोन्ही एका घरात ऱ्हायाचं न्हाय."

वैनी त्याचे ओठ बघत होती. तिला सगळं कळलं. इतकी वर्षं ओळखत होते तिला, मी पहिल्यांदाच तिला गप्प बसलेली पाहिली.

पुढच्या तपासणीला मी पुन्हा बरोबर गेले. बाईंनी मालूसारखा बारीक आवाज काढला आणि तो चेहरा स्वतः पाहिला. त्या घाबरल्या नाहीत, पण हळहळल्या. "वीज गळतेय," त्या म्हणाल्या. "एकेक कडी वाजवताना कळलं नाही. बोलण्यात कड्या एकापाठोपाठ पेटतात, तेव्हा सगळी मिळून चेहऱ्याच्या नसेपर्यंत पोचते."

"मग कमी करा की," मी जरा चढ्या आवाजात म्हणाले.

"कमी कशी करू? याच्या खाली त्यांना ऐकूच येत नाही, हे त्यांनीच बोट वर करून सांगितलंय. एकच उपाय आहे. बारीक आवाजाच्या कड्या बंद करायच्या. चेहरा शांत होईल. पुरुषांचं बोलणं, गाड्या, भांडी, सगळं राहील."

"आणि मुलीचा आवाज?"

बाईंनी मान हलवली. "तो त्याच कड्यांत आहे."

वैनी आमच्या दोघींच्या तोंडांकडं आळीपाळीनं बघत होती. बोलणं संपल्यावर तिनं बाईंचा हात धरला. "एकदा परत बगा. मग करा बंद."

या वेळी बाईंनी मला काचेच्या आत, वैनीशेजारी बसू दिलं. बाहेर बाईंच्या टेबलावर एक बारका दिवा होता. वीज सोडली की तो लुकलुकायचा. आवाज अर्थात फक्त वैनीच्या डोक्यात. मी दिव्याकडं बघत होते आणि कंटाळून मधूनमधून खाली बघत होते. दिवा लुकलुकला. वैनीच्या पायाचा अंगठा आत वळला. बोट जागेवरच. जरा जास्त वीज, दिवा पुन्हा लुकलुकला. अंगठा पुन्हा वळला. बोट नाही. आणखी जास्त, तिसऱ्यांदा दिवा, आणि वैनीनं शांतपणे बोट वर केलं.

दुसऱ्या कडीलाही तसंच झालं, आणि तिसऱ्या कडीला वाट न बघता मी तिचा गुडघा धरून हलवला. "तुला आधीच ऐकू येतंय! बोट का वर करत न्हाईस?"

ती माझ्याकडं मी खुळी असल्यासारखी बघायला लागली. "वळख न्हाय, पाळख न्हाय, मानूस दिसत न्हाय. पैल्या हाकंला कशी ओ देऊ?"

आमच्या भागात हे पोर पाळण्यात असल्यापासून शिकवतात. भर दुपारी किंवा दिवेलागणीला, माणूस नजरेला पडत नसताना हाक आली तर ओ द्यायची नाही. दुसरी आली तरी नाही. माणूस असेल तर तिसऱ्यांदा बोलावतो. ते दुसरं असेल तर त्याला तिसरी हाक मारता येत नाही. जो पहिल्या हाकेला ओ देतो तो हाकेमागं चालायला लागतो, आणि मागं वळून बघत नाही. मला हे माहीत होतं. लहानपणी मीही पाळलं होतं. पण विजेच्या टिप आवाजाला कुणी हा नियम लावेल हे माझ्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. तिसरा आवाज पहिल्यापेक्षा दोन पायऱ्या चढा असायचा, आणि तोच बाईंनी खालची रेघ म्हणून धरला होता. सगळ्याच कड्यांना.

मला संताप आला. मी तिला काय वाटेल ते बोलले, बरं झालं की सगळं तिला वाचता आलं नाही. बाई आत आल्या, त्यांना मी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं त्या कपाळाला हात लावतील. त्या खुर्ची ओढून वैनीसमोर बसल्या.

"तुमच्या कानात मशीन नसतानाही आवाज येतात?" त्यांनी सावकाश विचारलं.

"येत्यात की. हाका येत्यात. ह्ये तुमचं कुठलं आनि माजं कुठलं, कसं वळखायचं? तीनदा आलं की तुमचं."

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "मग मी तीनदाच बोलावते."

त्या बाहेर गेल्या आणि एकाच जोराचा आवाज तीनदा सोडायला लागल्या. तीन झाल्यावरच पायरी चढायची. बोट आता कितीतरी खाली वर होऊ लागलं. रेघा भराभर उतरल्या. मधेच बाई खोटंही वागायच्या, वीज न सोडताच थांबून राहायच्या. वैनी तेव्हा निवांत बसायची. माझा राग उतरला आणि डोळ्यांत पाणी आलं. मला तिथं त्या काचेच्या पेटीत मोठ्यानं हसावंसं वाटत होतं.

मग शिपाई दार उघडून काहीतरी विचारायला आला. बाईंचा हात थांबला. दिवा दोनदा लुकलुकून गप्प होता.

वैनीनं बोट वर केलं.

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी दोन बोटं दाखवली. त्यांनी पुन्हा दोनच सोडून हात मागं घेतला. बोट हललं नाही. आणखी एकदा दोन. या वेळी वैनीचा अंगठा दोनदा वळला, दिवा गप्प असताना तिसऱ्यांदा वळला, आणि बोट वर गेलं.

"तीन झाल्या," वैनी म्हणाली.

बाई म्हणाल्या, असं होतं, मनाला पुढं काय येणार हे कळलं की राहिलेलं ते स्वतःच भरून काढतं. त्यांनी मग पद्धत बदलली. कधी दोन, कधी चार, कधी पाच सोडून 'किती झाले' विचारायला सुरुवात केली, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या रेघा पक्क्या केल्या. शेवटी त्यांनी मालूसारखा बारीक आवाज काढून भरपूर बडबड केली. वैनीचा चेहरा जराही हलला नाही. आवाज आता खड्यांचा नव्हता, ती म्हणाली, बाईमानसाचा हुता.

परतीच्या गाडीत मी खुशीत होते. मिरजेच्या अलीकडं वैनीनं माझा पदर ओढला. डबा तिनं काढून पिशवीत ठेवला होता.

"मने, ती शिकली."

"कोण?"

"ती बारकी. तीनदा हाक माराय शिकली. आत्ता मारली."

मी तिचा हात हातात घेतला. बाईंनी सांगितलेलं कारण मी तिला पुन्हा समजावून सांगितलं, आणि ते खरंही आहे. पण खिडकीबाहेर उसाची शेतं सरकत होती, वैनीचा हात गार होता, आणि बोलता बोलता मला जाणवलं की आता तिच्याजवळ ओळखायला काहीच उरलं नव्हतं. जो एक नियम तिला इतकी वर्षं राखत आला होता, तो बाईंनी आणि मी मिळून त्या हाकेला शिकवला होता.

घरी चेहरा शांत झाल्याचं अण्णानं बघितलं, पण मालूनं नाही. ती आईसमोर तोंडच उघडेना. मी समजावलं, रागावले, लालूच दाखवली. "आत्या, परत तसं झालं तर?" एवढंच ती परसात येऊन माझ्या कानात म्हणायची. आणि वैनी पाठीमागून आलेल्या कुठल्याच आवाजाला दाद देईनाशी झाली. ओठ दिसले तरच उत्तर द्यायची. दुपारी परसात बसायची आणि हाका ऐकायची. मी तिला तिथं बसू नको म्हटलं तर म्हणाली, "मी ओ देत न्हाय गं. नुसतं ऐकतो."

घर इतकं गप्प झालं की अण्णानं हात टेकले. मालूची ट्रंक भरली. वार्षिक परीक्षा संपली की तिनं माझ्याकडं यायचं, दाखला काढायचा, टिळकवाडीच्या शाळेत बसायचं असं ठरलं. वैनीला सांगितलं. "बरं," ती म्हणाली.

निघायच्या दिवशी दुपारची बस होती. अण्णा वखारीत गेला होता, निरोप द्यायला तो थांबला नाही. मी ट्रंक पुढच्या दाराशी आणून ठेवली आणि मालूला म्हणाले, "आईला सांगून ये." ती मागच्या दारापर्यंत गेली. मी तिच्या मागं होते. परसात ऊन मी म्हणत होतं. तंबाखूचा उग्र वास हवेत थांबून राहिला होता. वैनी आमच्याकडं पाठ करून, वखारीच्या भिंतीकडं तोंड करून बसली होती. मांडीवर सूप. डब्याची वायर मानेवरून झंपरात गेलेली. मालूनं पुढं जाऊन समोर उभं राहायचं होतं. ती उंबऱ्यातच थांबली. मला वाटतं तिला ते तोंड बघायचं नव्हतं.

"आई," ती म्हणाली. जेमतेम ऐकू येईल इतकं हळू.

वैनीचे हात सुपात थांबले. मालूचे ओठ पुन्हा उघडले, पण तिच्या घशातून काही फुटेना. परसात पानही हलत नव्हतं.

"ओ," वैनी म्हणाली.

तिनं सूप खाली ठेवलं आणि उठली. मागं बघितलं नाही. सरळ समोर, खिंडाराकडं चालायला लागली. "आलो गं," ती म्हणत होती, अगदी मऊ आवाजात, तान्ह्या पोराशी बोलावं तसं. "आलो, आलो. रडू नको."

मी शिकलेली, समजावून सांगणारी बाई, आणि मला धावायला किंवा हाक मारायला सुचेना. भिंतीच्या पलीकडं ती विहीर होती. वैनीनं खिंडारातल्या दगडावर पाय ठेवला.

"आई!" मालू किंचाळली. इतक्या जोरात की यल्लव्वाच्या घरातलं भांडं पडलं.

वैनी वळली. चेहरा सरळ होता. डोळा मिटला नाही, गाल हलला नाही. ती मालूकडं बघत राहिली, जणू पोरगी आत्ताच जन्मली होती.

"तू हाक मारलीस?"

"मग कोण?" मालू धावत तिच्यापाशी गेली आणि तिचा हात दोन्ही हातांनी धरला. "मीच मारली. पैल्यांदा बी मीच. तुला कळलं न्हाय?"

"न्हाय कळलं."

"मग तुला कोण वाटलं?"

वैनीनं खिंडाराकडं एकदा बघितलं. "ती दुसरी."

"मग ओ का दिलीस?" मालू रडायला लागली होती. "ती न्हेली असती तुला! ओ का दिलीस तिला?"

"तू तर बोलंनास," वैनी म्हणाली. "म्हटलं, ही बिचारी किती वरसं हाक मारालीया. हिनं बी आईच म्हटलं न्हवं?"

मालू तिथंच दगडांत खाली बसली. मग तिनं आईचं लुगडं धरून हाका मारायला सुरुवात केली. आई, आई, आई. मधे जागाच ठेवली नाही, दुसऱ्या कुणाला बोलायला वाव मिळू नये म्हणून असेल. वैनी तिच्याशेजारी टेकली आणि प्रत्येक हाकेला ओ देत गेली, एकही न चुकवता, एकदाही न थांबता.

ती दुसरी गेली की राहिली, हे मी वैनीला पुढं कधीच विचारलं नाही. मी पुढच्या दारी येऊन ट्रंकेवर बसले. थोड्या वेळानं बेळगावची बस हॉर्न वाजवत निघून गेली.